ग्रेजला घर घेऊ नकोस

बाय, लंडनजवळच्या डार्टफर्डच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली हे वाचून फार बरं वाटलं. पलीकडच्या काठावर ग्रेजला भाडं कमी आहे, मधे फक्त टेम्स नदी, तर सेकंडहँड गाडी घेऊन एम-२५ हायवेवरून ये-जा करू का, असं विचारलंयस. गणपतीला गुहागरात आलोय, म्हणून सवडीने लिहितो.

तसं करू नकोस. दाभोळहून धोपावे समोर दिसतं, पण फेरीबोट नसेल तर चिपळूणचा वळसा पडतो. ग्रेजचं तसंच आहे.

एम-२५ हा लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा रस्ता, १९८६ साली पुरा झाला. पूर्वेकडे टेम्स ओलांडायची जागा एकच, डार्टफर्ड क्रॉसिंग. (तेवढ्या तुकड्याचा नंबर ए-२८२ आहे, पाटी बघून गोंधळू नकोस.) दक्षिणेला येताना १९९१ चा पूल, उत्तरेला जाताना १९६३ आणि १९८० चे दोन बोगदे. म्हणजे सकाळी तुला पूल आणि बारा तासांची ड्युटी करून दमलीस की बोगदा. पेट्रोलचे टँकर बोगद्यातून पहाऱ्यात सोडतात, तोवर मागच्या सगळ्यांना लाल दिवा. वारा जोराचा असला की पूल बंद, मग दोन्हीकडची वाहतूक बोगद्यांतून. मी तीन वर्षं हे केलंय. एकदा पावसात तिथेच अडकलो, इंजिन बंद करून डब्यातला गार आमटीभात मांडीवर घेऊन जेवलो, आणि घरी लेक न जेवता वाट बघत झोपली होती.

टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये कारला एका खेपेचे साडेतीन पौंड. दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन भरायचे, नाहीतर दंडाचं पत्र येतं. ग्रेजच्या रहिवाशांना सवलत मिळते, पण त्यासाठी नाव नोंदवलं नाहीस तर महिन्याला तेरा ड्युट्या धरल्या तरी ९१ पौंड. मग भाड्यात वाचलेलं इथेच जाईल. ट्रेननेही सुटका नाही, लंडनात शिरून परत बाहेर यावं लागतं.

लायसन्सचंही लक्षात ठेव: आपलं भारतातलं तिथे राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालतं, पुढे तिथली परीक्षा.

घर ग्रेव्हसेंडला बघ. नदीच्या त्याच काठावर, डार्टफर्डला थेट ट्रेन, शिवाय पंजाबी वस्ती मोठी, त्यामुळे कढीपत्ता, डाळी सगळं मिळतं. पैसे भरण्याआधी पत्ता मला पाठव. गौरी-गणपती झाले की मी परततोच आहे, स्वतः जाऊन घर बघून येईन.