शेलमधली माती ओळखताना

प्रश्न : चंद्रपूरकडच्या गोंडवाना शेलच्या (प्राचीन गाळापासून बनलेल्या, पापुद्र्यांच्या खडकाच्या) एक्स-रे आलेखात 14 अँगस्ट्रॉमला (स्फटिकातल्या थरांमधलं अंतर मोजायचं सूक्ष्म एकक) शिखर येतं. ते स्मेक्टाइट की क्लोराइट (दोन्ही मातीतली थरांची खनिजं)? – एमएस्सीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : एका आलेखावर निकाल देऊ नका. आधी 2 मायक्रॉनखालचे, म्हणजे मातीचे कण वेगळे करा : खडकाचा चुरा पाण्यात ढवळून ठेवा आणि 20 अंश सेल्सियसला पाण्याचा वरचा 10 सेंटिमीटर थर साधारण 8 तासांनी काढून घ्यायचा. गाळ गुठळ्या होऊन लगेच बसला, तर क्षार उरलेत. डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा. खडक हलक्या हाताने कुटा, फार दळल्यास स्फटिकच मोडतात.

या कणांचा काचपट्टीवर पातळ थर वाळवा. जाड झाला तर तो तडकून सोलला जातो. मग तीच पट्टी तीनदा तपासा : वाळलेली, रात्रभर ग्लायकॉलच्या (थरांत शिरणाऱ्या एका द्रवाच्या) वाफेत ठेवलेली आणि 550 अंश सेल्सियसला तासभर तापवलेली. स्मेक्टाइट ग्लायकॉलने 17 अँगस्ट्रॉमपर्यंत फुगतं, तापवल्यावर 10 वर येतं. क्लोराइट 14 लाच राहतं. 7 च्या शिखराबाबत मात्र सांभाळा, तिथे क्लोराइटबरोबर केओलिनाइट हे दुसरं माती-खनिजही असतं. दोन्ही ओळखायला पुढची शिखरं बघा : 3.58 ला केओलिनाइट, 3.54 ला क्लोराइट. हा फरक दिसायला स्कॅन सावकाश घ्यावा लागतो, आणि घाईत नेमका तोच हुकतो.