कादंबरी अर्धी, कथा पाच आणि छापलेली एकही नाही

आपला प्रश्न असा आहे की एक कादंबरी निम्मी लिहून झाली आहे, पाच कथा निरनिराळ्या ठिकाणी अडकल्या आहेत, नोकरी सांभाळून हे सारे पुढे कसे न्यावे, आणि इंदूरहून पाठवलेली कथा महाराष्ट्रातले संपादक छापतात का. मीही इंदूरचीच. बँकेत नोकरी करते आणि गेली सोळा वर्षे कथा लिहिते. त्यांपैकी अकरा छापून आल्या आहेत, तेव्हा माझा वेग फारसा नाही हे आधीच सांगून ठेवते.

चार-पाच गोष्टी एकदम हाती असण्यात मला काही वावगे दिसत नाही, पण त्या सगळ्या पहिल्या खर्ड्याच्या अवस्थेत असल्या तर एकही तडीला जात नाही. खर्डा एका वेळी एकाच गोष्टीचा असावा आणि बाकीच्या एक तर मुरत पडलेल्या, काटछाटीला घेतलेल्या किंवा संपादकाकडे गेलेल्या असाव्यात. आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. पाण्याच्या दिवशी पहाटे मोटर, टाकी आणि पिंपे यांच्यामध्ये सलग अर्धा तास मिळत नाही, म्हणून त्या दिवशी मी जुन्या कथेची छापील पाने ओट्यावर घेऊन पेन्सिलीने खाडाखोड करते, कारण ते काम वाक्याच्या मध्ये सोडून उठले तरी बिघडत नाही. पाणी नसते त्या दिवशी साडेपाच ते सात कादंबरीचा खर्डा चालतो, आणि त्या वेळात दुसऱ्या वहीला हात लावायचा नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आठवड्याचे चार तास कादंबरीला आणि दोन तास कथांना, असे वाटप मीही करून पाहिले. ते कागदावरच राहिले.

एखादे लेखन बाजूला ठेवताना मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. एकदा मी कादंबरी चार महिन्यांनी उघडली, तेव्हा नायिकेची आई सुमती असताना नव्या प्रकरणात ती सुमन झाली आणि तिसऱ्या प्रकरणात वारलेले काका सातव्या प्रकरणात लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले. तेव्हापासून वही मिटण्यापूर्वी शेवटच्या पानावर पाच-सहा ओळी लिहून ठेवते: आई अजून रागावलेली आहे, पत्र धाकट्याच्या हाती पडलेले नाही, पुढचा प्रसंग छावणीतल्या पिठाच्या गिरणीत, महिना मे. परतल्यावर आधीची साठ पाने वाचत बसण्याचे श्रम त्यामुळे वाचतात.

कादंबरीतले एखादे प्रकरण कापून कथा म्हणून पाठवण्याचा मोह आपल्यालाही होईल. मी तसे दोनदा केले आणि दोन्ही वेळा ‘साभार परत’ आले, आणि आता वाटते की ते योग्यच होते. प्रकरणाला पुढच्या पानाची ओढ असते आणि कथेला तिच्या शेवटच्या ओळीतच थांबावे लागते.

आता छापण्याविषयी. मराठीत कथेचे मोठे दालन म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. नवे लेखक चुकतात ते वेळापत्रकात. साहित्य पाठवण्याची आवाहने बहुधा उन्हाळ्यात येतात, मुदत जून-जुलैच्या आसपास संपते आणि गणपती येईपर्यंत पुष्कळ अंकांची पाने लागत आलेली असतात. म्हणून दिवाळीची कथा थंडीत लिहावी, होळीच्या सुमारास ती पुन्हा वाचावी आणि मे महिन्यात पाठवावी. श्रावणात सुचलेली कथा पुढच्या वर्षाची समजावी.

पाठवण्यापूर्वी त्या अंकाचे मागचे एक-दोन वर्षांचे अंक वाचावेत. कथा युनिकोडमध्ये टंकलिखित असावी, शब्दसंख्या नमूद करावी, ती स्वतंत्र आणि अप्रकाशित असल्याचे एका ओळीत लिहावे आणि स्वतःचा परिचय तीन ओळींत आटोपावा. कथेचा आशय समजावून सांगणारे पत्र जोडू नये. समाजमाध्यमावर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात, हेही ध्यानात असू द्यावे. एकच कथा एकाच वेळी दोघांकडे पाठवण्याचा अविचार मी एकदा केला आणि ती दोन्हीकडे स्वीकारली गेली. एका संपादकांना फोन करून माफी मागावी लागली. ते रागावले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्याकडून माझ्या एकाही कथेला उत्तर आले नाही. तीन महिने वाट पाहून एकदा नम्रपणे विचारणा करावी आणि उत्तर न आल्यास, कथा मागे घेत असल्याचे कळवून, ती दुसरीकडे पाठवावी.

मानधन मिळेल किंवा मिळणार नाही, पण छापण्यासाठी लेखकाकडेच पैसे मागितले जात असतील तर नकार द्यावा. हक्कांसंबंधीचा कागद पुढे आल्यास वाचल्याशिवाय सही करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पुढे कथासंग्रह काढताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

इंदूरच्या पत्त्यामुळे कथा मागे पडते, असे आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलने ज्या गावात झाली, त्याला परके मानायचे कारण नाही. शेवटच्या संमेलनाच्या अध्यक्ष विजया राजाध्यक्ष या तर स्वतः कथाकार. खरी गडबड आपल्या भाषेत होते. हिंदी आपल्या मराठीत अशी मिसळलेली असते की आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. माझ्या एका कथेत ‘दूध फाटले’ असे होते, आणि मुद्रिताच्या प्रतीवर संपादकांनी त्याभोवती लाल वर्तुळ करून समासात ‘नासले?’ असे लिहिले होते. मी दोन दिवस विचार केला. निवेदनात ‘नासले’ केले, पण रामबागेतल्या मावशीच्या तोंडी ‘दूध फाटलं गं’ तसेच ठेवले आणि त्याचे कारण कळवले. ते त्यांनी मान्य केले. आपल्याकडची बोली संवादात जरूर यावी, मात्र ती हेतुपूर्वक आली आहे हे संपादकाला दिसले पाहिजे. त्यासाठी निवेदनातले शुद्धलेखन काटेकोर असावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा आहेत, चौदा 1962 चे आणि चार 1972 चे. एका रविवारी वाचून होतात.

कादंबरी थांबवावी का, हे आपण शेवटी विचारले आहे. पाच कथांपैकी जिचा शेवट आपल्याला आज ठाऊक आहे, ती एकच काढून येत्या मेपर्यंत पूर्ण करावी आणि बाकीच्या चार कपाटात ठेवाव्यात. तोवर कादंबरी थांबली तरी चालेल. फक्त वही मिटण्यापूर्वी शेवटच्या पानावर त्या पाच-सहा ओळी लिहायला विसरू नका, नाही तर आपलेही एखादे काका पंगतीत येऊन बसतील.