जखमी वनरक्षकाची रजा, पगार आणि पुढची नोकरी

या अंकात वनखात्यातल्या वाचकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न घेतले आहेत. नियम महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेले आहेत.

प्रश्न : माझे यजमान वनरक्षक आहेत. रात्रीच्या गस्तीत विजेच्या तारेचा सापळा काढताना शिकाऱ्यांनी त्यांच्या हातावर कोयत्याने वार केला. शस्त्रक्रिया झाली, पण मूठ वळत नाही. कार्यालय म्हणतं, "आधी अर्जित रजा टाका, मग बघू." टाकावी का?
— एक वाचक भगिनी, गोंदिया जिल्हा

ताई, नका टाकू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अशा प्रसंगासाठी विशेष विकलांगता रजा आहे. कुणी हेतुपुरस्सर इजा केली असेल तर नियम ७५ लागतो आणि अपघाती इजा असेल तर ७६. तुमचं प्रकरण सरळ ७५ चं आहे. अस्वलाचा हल्ला, वणव्यात भाजणं, गस्तीवर दुचाकी घसरणं ही सगळी ७६ मध्ये येतात. (बिबट्याचा "हेतू" काय होता यावर टिपणं लिहिणारी कार्यालयंही असतात. तिकडे लक्ष देऊ नये.)

रजा मंजूर होते की अडकते, हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कागदांवर ठरतं. सर्वात आधी ग्रामीण रुग्णालयाचा पहिला केसपेपर काढून वाचा. जखमीला आणणारा सहकारी घाईत "पडला" एवढंच सांगतो, डॉक्टर तेच लिहितात आणि सहा महिन्यांनी लेखा शाखा नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवते. तिथे "कर्तव्यावर असताना मारहाण, धारदार शस्त्राने जखम" असं हवं आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची नोंद) क्रमांक हवा. नसेल तर त्या डॉक्टरांना आजच भेटा. लिहिलेलं खोडून घेऊ नका, तारखेनिशी वेगळी नोंद आणि जखमेचा दाखला मागा.

दुसरी चूक गुन्हा नोंदवताना होते. वन्यजीव कायद्याखालचा पीओआर, म्हणजे वनखात्याचा प्राथमिक गुन्हा अहवाल, लिहिला जातो, त्यात तार, खुंट्या आणि मेलेलं रानडुक्कर सगळं येतं, पण वनरक्षकावरच्या हल्ल्याचा उल्लेखच नसतो. हल्ल्याची फिर्याद पोलीस ठाण्यात वेगळी द्यावी लागते. भारतीय न्याय संहितेतलं कलम १२१ लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी केलेल्या दुखापतीचं आहे आणि १३२ हल्ल्याचं. दुखापत गंभीर असेल तर १२१(२) लागतं, त्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे.

तिसरी गोष्ट, ते त्या वेळी कर्तव्यावर होते याचा पुरावा. गस्त नोंदवही, दैनंदिनी, वायरलेसची नोंद यांच्या प्रती घ्या. व्याघ्र प्रकल्पात असाल तर मोबाइलमधल्या एम-स्ट्राइप्स या गस्त नोंदवणाऱ्या अॅपवरचा त्या रात्रीचा मार्गही जोडा. हे सगळं लावून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. विकलांगता घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत दिसून यावी आणि ती तत्परतेने कळवलेली असावी, अशी नियमाची अट आहे. उशीर झाला तरी इजेचं कारण पटलं तर मंजुरी देता येते. मात्र हाताला मुंग्या किंवा बधिरपणा नंतर सुरू झाला तर तेही त्याच आठवड्यात लेखी कळवा.

प्रश्न : वाघाच्या हल्ल्यात जखमी झाल्यापासून नऊ महिने घरी आहे. कार्यालयाने माझी अर्जित आणि वैद्यकीय रजा संपवली, आता निम्मा पगार येतो. हिशोब बरोबर आहे का?
— वनरक्षक, चंद्रपूर जिल्हा

नाही. वाघाच्या हल्ल्यासाठीही विशेष विकलांगता रजा (नियम ७६) असते आणि ती मूळ रजा खात्यातून वजा होत नाही. पहिले १२० दिवस अर्जित रजेइतकं, म्हणजे पूर्ण रजा वेतन मिळतं, पुढे अर्धवेतनी रजेइतकं. तुमच्या इच्छेनुसार आणखी १२० दिवसांपर्यंत पूर्ण वेतन घेता येतं, फक्त ते दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून जातात. त्या खात्यात वर्षाला २० दिवस जमा होतात, म्हणजे सहा वर्षं नोकरी झाली आणि खातं शाबूत असेल तर पूर्ण १२० दिवस हाती असतात. नऊ महिने म्हणजे २७० दिवस धरले आणि हा पर्याय मंजूर झाला तर २४० दिवस पूर्ण वेतनाचे आणि ३० दिवस अर्ध्या वेतनाचे होतात. एका इजेसाठी कमाल मर्यादा २४ महिने. डॉक्टर जितकी मुदत प्रमाणित करतील तितकीच रजा मिळते, त्यामुळे "विश्रांती आवश्यक" असा मोघम दाखला चालत नाही, त्यावर कुठून कुठपर्यंत या तारखा हव्यात.

आधी दिलेल्या रजेचं पूर्वलक्षी रूपांतर मागता येतं. अर्ज रुजू होण्याआधीच द्या. मंजुरी आली की सेवापुस्तक स्वतः उघडून पाहा, कारण वजा केलेली रजा परत जमा करायची नोंद हमखास राहून जाते. हा काळ निवृत्तिवेतनासाठी कर्तव्यकाळ धरला जातो, तीही ओळ तिथे हवी.

प्रश्न : भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "जंगलात चालता येणार नाही, स्वेच्छानिवृत्ती लिहून दे" असा दबाव आहे. तो ४१ वर्षांचा आहे.
— अमरावती जिल्हा

काहीही लिहून देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढू शकत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करू शकत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदावर ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही हेच संरक्षण होतं. पाय गमावलेल्या एका जवानाला रुग्णता निवृत्तिवेतन (शारीरिक अक्षमतेमुळे मिळणारं) देऊन घरी पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात ते चुकीचं ठरवलं.

खरा धोका वैद्यकीय मंडळाच्या शब्दांत असतो. "वनरक्षकाच्या क्षेत्रीय कामास अयोग्य" लिहिलं तर पद बदलून मिळतं. "शासकीय सेवेस कायमचा अक्षम" लिहिलं तर रुग्णता निवृत्तिवेतनाची फाइल चालू होते. मंडळापुढे जाताना भावाने करता येणारी कामं लेखी द्यावीत : वायरलेस कक्ष, कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रं लावणं, गुन्हा प्रकरणांची कागदपत्रं, रोपवाटिकेची नोंदवही. तपासणी नाका मात्र "हलकं काम" म्हणून स्वीकारू नये. तिथे रात्रभर उभं राहून ट्रक थांबवावे लागतात, कृत्रिम पाय बसवलेली जागा दोन महिन्यांत सोलवटते.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. टक्केवारी ४० पेक्षा कमी आली तरी कलम २०(४) साठी घाबरू नका, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कार्यालय ऐकत नसेल तर कलम २३ खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. पुढची पायरी पुण्याचे दिव्यांग आयुक्त किंवा मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मॅटमध्ये अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, तोंडी आश्वासनांवर ती घालवू नका.

त्यालाच नोकरी नको असेल तर गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनाही २०२३ च्या शासन निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला आहे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन बसलात तर तो हातचा जातो.

प्रश्न : मी संरक्षण कुटीवर (जंगलातल्या गस्तीच्या चौकीवर) रोजंदारीवर आहे. अस्वलाने मांडी फाडली. मला विशेष विकलांगता रजा मिळेल का?
— मेळघाट परिसर

ही रजा शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे, रोजंदारीवाल्यांना नाही. तुमचा हक्क नुकसानभरपाईचा. आधी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होता, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. काम करताना आणि कामामुळे इजा झाली की मालक देणं लागतो. तात्पुरत्या अक्षमतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. ठेकेदारामार्फत असलात तरी खात्याची जबाबदारी सुटत नाही. हजेरीपटाची झेरॉक्स आणि मजुरी जमा झालेलं पासबुक आजच ताब्यात घ्या, कारण हजेरीपटावर त्या दिवशी नाव नसलं की दावा तिथेच लंगडा पडतो.

आणि जखमेचं : वन्य मांसाहारी किंवा अस्वलाचा चावा ही रेबीजची तिसरी, म्हणजे सर्वात धोक्याची श्रेणी. लस पुरेशी नसते, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते दिलं की नाही, केसपेपरवर तपासा.

प्रश्न : कुटीवर राहून मलेरिया झाला, महिना गेला. नियम ७६ लागेल?
— वनपाल, गडचिरोली जिल्हा

लागू शकतो, पण आजार त्या विशिष्ट कामगिरीमुळेच झाला असं डॉक्टरांनी प्रमाणित करायला हवं. कुटीवरच्या मुक्कामाचा आदेश आणि रक्ततपासणीची तारीख जुळवून द्या. आदेश तोंडी असेल तर प्रकरण टिकणं अवघड, परावर्तित रजा (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्ण वेतनाची रजा) घ्या.