घर बदलल्यावर दिसू लागलेले विस्मरण

प्रश्न : नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे दिवाळीपासून आम्ही घोडबंदर रस्त्यावर भाड्याने राहतो. येथे आल्यापासून माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाईंना खालून फेरी मारून परतताना आपला मजला आठवत नाही, एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा विचारतात आणि बांगड्या स्वतःच कुठेतरी ठेवून कामाच्या मावशींवर संशय घेतात. त्यांना मधुमेह आहे. जागा बदलल्यामुळे हे झाले असेल, की वय झाले म्हणून सोडून द्यावे? शिवाय मी ४८ वर्षांची आहे. कोडी सोडवल्याने माझा मेंदू शाबूत राहील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सोडून मुळीच देऊ नका. एखादे नाव पटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे उतारवयात होतेच. पण रोजचा मजला न सापडणे आणि आपल्याच वस्तूंबद्दल इतरांवर संशय घेणे ही तपासून घ्यावीत अशी लक्षणे आहेत.

घर बदलल्याने डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाण्याचा विकार, होत नाही, मात्र तो उघड होऊ शकतो. जुन्या घरात वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो, पाय आपोआप वाण्याच्या दुकानाकडे वळतात, आणि त्यामुळे सुरुवातीचे विस्मरण घरच्यांच्याही लक्षात येत नाही. डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात बहुधा हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग सुरुवातीलाच बाधित होतो आणि नवी जागा मनात ठसणेच अवघड होऊन बसते. म्हणून जरा मागे जाऊन आठवा : नौपाड्यात असतानाच बँकेचे व्यवहार चुकत होते का, नेहमीचा स्वयंपाक बिघडत होता का? ही हकिगत डॉक्टरांना तारखांसह सांगा. निदानात तिचे मोल कोणत्याही स्कॅनइतकेच असते.

विस्मरणाची काही कारणे उपचारांनी सुधारणारी असतात आणि म्हणूनच दिरंगाई नको. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती अधिक संभवते. थायरॉइड, रक्तातील सोडियम, नैराश्य, कमी झालेले ऐकू येणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या हे सारे तपासायला हवे. मागच्या काही आठवड्यांत सासूबाई पडल्या असतील तर तेही सांगा, कारण डोक्यात हळूहळू साचणाऱ्या रक्तामुळेही असा गोंधळ होतो. हा बदल काही तासांत किंवा दिवसांत अचानक झाला असेल, तर संसर्ग किंवा साखर खाली गेल्याची शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी आधी नेहमीचे फिजिशियन आणि मग मेंदुविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, हा क्रम योग्य. अल्झायमर निघाल्यास डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी लक्षणांना काही काळ थोडा आधार मिळतो. आजार मात्र त्यांनी थांबत नाही.

बांगड्यांवरून वाद घालू नका. ‘तुम्हीच ठेवल्यात’ असे म्हटल्याने त्यांना आठवणार नाही, फक्त अपमान वाटेल. ‘चला आई, आपण दोघी शोधू’ असे म्हणून सोबत शोधा, आणि मावशींना हा आजाराचा भाग असू शकतो हे आधीच विश्वासात घेऊन सांगा. नाहीतर एका निरपराध बाईचे नाव सोसायटीभर खराब होईल. जुन्या घराची नावाची पाटी नव्या दारावर लावा, वस्तूंच्या जागा बदलू नका, आणि त्यांच्या बटव्यात पत्ता व तुमचा फोन क्रमांक ठेवा. नवी इमारत तयार झाल्यावर पुन्हा एक स्थलांतर येईल. त्याआधी त्यांना तेथे अनेकदा नेऊन ओळख करून द्या.

आता तुमच्याविषयी. कोडी जरूर सोडवा, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले असून, ते सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे. त्यांत मध्यम वयातील उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि उपचार न केलेला बहिरेपणा व दृष्टिदोष येतात. तुमच्या यजमानांच्या आईंना हा आजार निघाला तरी यजमानांनाही तो होईलच असे नाही, मात्र धोका काहीसा अधिक धरावा. म्हणून दोघांनीही रक्तदाब आणि साखर या वर्षीच तपासून घ्या, आणि कुणालाही ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावण्यात संकोच करू नका.