नोकरी सांभाळून राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेपर्यंत जाता येतं का?

तुम्ही विचारलंय: वय 34, राहायला ऐरोलीत, ‘प्रॅक्टिकल शूटिंग’चे व्हिडिओ बघून पिस्तुलाची ओढ लागली आहे, नोकरी न सोडता राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येईल का?

येईल. मी नेरुळला राहते, बेलापूरला नोकरी करते. 36व्या वर्षी पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं आणि 39व्या वर्षी भोपाळला राष्ट्रीय स्पर्धेत उभी राहिले. पण व्हिडिओतला खेळ आणि आपल्याकडची वाट वेगळी आहे, ते आधी सांगते.

प्रॅक्टिकल प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 साली अमेरिकेत स्थापन झाली. त्यात पळत, आडोशामागून नेम धरायचा असतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. तिथे बहुतेकांच्या हातात 9 मिलिमीटरचं पिस्तूल असतं. आपल्या कायद्यात तो प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांनी सुरुवात करायची ती 10 मीटर एअर पिस्तूलपासून. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, दाबलेली हवा. शस्त्रपरवाना लागत नाही. वेगाचीच ओढ असेल तर पुढे .22 चं 25 मीटर पिस्तूल आहे. त्याच्या रॅपिड भागात टार्गेट फक्त 3 सेकंद समोर असतं, हात खालून वर आणून एकच गोळी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात.

एअर पिस्तूलमध्ये 75 मिनिटांत 60 शॉट, एकूण 600 गुण. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे 580 होते. आपण कुठे आहोत ते मोजायला हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आता खरी गोष्ट. माझा बहुतेक सराव रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) झालेलाच नाही, घरच्या हॉलमध्ये झालाय. रात्री जेवणं उरकली की कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, त्या बाजूला घरातलं कुणी येणार नाही हे बघायचं आणि 40 मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा. नजर फक्त फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर. ट्रिगर सुटताना ती हलली की नाही, एवढंच बघायचं. समोर टार्गेट नसल्यामुळे मन ‘दहा लागला का’ विचारत नाही, आणि हाताची चूक उघडी पडते. माझी फ्रंट साइट ट्रिगर सुटण्याच्या क्षणी डावीकडे खाली झुकायची; ती सवय जायला पाच महिने लागले. रेंजवर रविवारी एकदाच जायचे, पेटी घेऊन. तेवढं पुरलं.

वाट अशी: आधी क्लबचं सदस्यत्व आणि रायफल संघटनेकडे नोंदणी, मग राज्य स्पर्धा, मग पश्चिम विभागीय किंवा मावळणकर स्पर्धा, प्रत्येक ठिकाणी ठरलेले गुण पार केले की पुढचं दार उघडतं. (लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर हेच राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. स्पर्धेला नाव त्यांचं.) पिस्तूल लगेच विकत घेऊ नका. चांगलं आयात केलेलं दीड-दोन लाखांच्या पुढे जातं. पहिलं वर्ष क्लबच्या पिस्तुलावर काढा.

भोपाळबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ते आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. 31व्या शॉटआधी मी पाणी प्यायला बसले, उठले, पाय जागेवर ठेवले असं मला वाटलं. हात उचलला, साइट्स सुंदर जुळल्या, ट्रिगर अगदी अलगद सुटला. माझ्या स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. मी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारलं होतं. नियमाने तो शॉट शून्य. पोटात खड्डा पडला. पुढची चार मिनिटं मी पिस्तूल उचललंच नाही, भिंतीसमोर मोजायचे तसे श्वास मोजले, पाय पुन्हा मांडले, समोरचा लेन क्रमांक मनात वाचला, आणि मगच 32वा. तो दहा होता. शेवटी 541 झाले. शून्य धरून 541, म्हणून त्या आकड्याचा मला अभिमान आहे. आता मी प्रत्येक शॉटआधी लेन क्रमांक वाचते, घरी ड्राय करतानासुद्धा. भिंतीवर पेन्सिलने 17 लिहून ठेवलाय, भोपाळची माझी लेन.

तुम्ही रेंज शोधेपर्यंत एक करा. एअर पिस्तूल साधारण किलोभराचं असतं. लिटरची भरलेली पाण्याची बाटली एका हाताने खांद्याच्या उंचीवर धरा, दुसरा हात खिशात, 15 सेकंद. मग पूर्ण मिनिट विश्रांती. असं वीस वेळा, रोज. पंधरा दिवसांनी खांदा काय म्हणतो ते इथेच लिहा, पुढचं तेव्हा सांगते.