माशांच्या रोगांवर प्रोजेक्ट करायचाय, जिवाणूंच्या कोणत्या टेस्ट आधी करू?

टेस्ट राहू द्या, आधी पहाटे पाचला नदीवर जा. प्रदूषणामुळं मासे आजारी पडतात याचा अभ्यास जिवाणूपासून सुरू केला की चुकलाच समजा.

आम्ही भोई, नांदेडच्या वरच्या अंगाला गोदाकाठी गाव. मी बारावीत होतो, मे महिना, बंधाऱ्याच्या फुगवट्यात वरून कारखान्याच्या मळीचं काळं पाणी आलं अन् एका रात्रीत रोहू, कटला, मृगळ सगळे उलटे, तोंडं उघडी, कल्ले फाकलेले. साहेब आले दुपारी साडेबाराला, बाटलीभर पाणी अन् सडायला लागलेले दोन मासे घेऊन गेले. रिपोर्ट आला की एरोमोनास जिवाणू सापडला, रोगानं मेले. वडिलांनी त्यांना काठावरच जाळ्यातली मरळ दाखवली होती, "ही जित्ती हाय की, मग रोग कशाचा?" अडाणी म्हणून गप्प बसवलं त्यांना.

वडीलच बरोबर होते. मरळ वर येऊन हवा घेते, पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी तगते, उलट 1988 पासून आपल्या देशात पसरलेली जखमांची साथ आली की पहिला फटका मरळीलाच. एरोमोनास तर धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो, सडक्यात सापडणारच की. अन् हिरव्या पाण्यात दुपारी शेवाळामुळं ऑक्सिजन चढलेला असतो, कमीत कमी असतो तो पहाटे.

एमएस्सीला असताना पुन्हा तसंच पाणी आलं, तेव्हा पहाटे त्याच डोहात विंकलरची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन तपासायची बाटली भरली, दोन्ही औषधं टाकली. ऑक्सिजन असला की साका तपकिरी येतो, हा पांढराफेक. वडील कंदिलाच्या उजेडात ती बाटली हातात धरून कितीतरी वेळ बघत होते.

तर आधी ऑक्सिजन, तापमान, पीएच, अमोनिया, मग जिवंत माशाचा कल्ला मायक्रोस्कोपखाली, जिवाणू शेवटी. माशांच्या रोगांचे अभ्यासक स्निएझ्को, त्यांची 1974 ची तीन वर्तुळं (मासा, जंतू, पाणी; तिन्ही जुळली की रोग) वाचलीच असतील.

हां, सगळंच कारखान्यावर ढकलू नका, गावाचं सांडपाणी, फवारणीचं औषध, ढगाळ हवा यांनीही मासे मरतात. अन् जिवाणूचा रोग खोटा नाही, खराब पाण्यात कसाबसा जगलेल्या माशाचं कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) वाढतं, प्रतिकारशक्ती पडते, मग काही दिवसांनी तोच एरोमोनास जखमा करतो. पण तेव्हा मासे रोज थोडे थोडे मरतात, एका रात्रीत सगळ्या जाती नाही.

नमुना किती वाजता घेतला हे लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट, कुणाचाही असो, मानू नका. अन् काठावरच्या भोयाला कोणता मासा जगला ते विचारा, तो सांगेल ते तारखेसकट थिसिसमध्ये लिहा.