जिन्याखालचे बूट

प्रश्न : माझे वडील अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रात रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रावर, होते. मार्चमध्ये गेले. वर्षश्राद्धाला नातवंडांसाठी चार पानं लिहायचीत. पण ‘कष्टाळू, कुटुंबवत्सल’ यापुढे पेन सरकत नाही. काय लिहू?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ती दोन विशेषणं आधी खोडा बरं! माझे काकाही तिथेच होते, म्हणून हक्काने सांगते. रात्रपाळी करून गाडीने वडोदऱ्याला आले की बूट जिन्याखालीच काढायचे. त्यावरच्या चिखलाचे वाळून पापुद्रे सुटायचे. आम्ही घाण म्हटलं की चिडायचे. “अगं, हा मड, विहिरीत सोडतात तो चिखल, बिटला म्हणजे खोदणाऱ्या टोकाला थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो, खालचा गॅस दाबून धरतो. घाण कसली?” डबा मात्र रिगवरच घासून आणायचे, काकूला तो वास सोसत नसे. कुटुंबवत्सल म्हणजे हेच की!

१९६० साली तिथे तेल लागलं, नेहरूंनी विहिरीला ‘वसुधारा’ नाव दिलं, हे एका ओळीत उरका. मुलं ते शाळेतही वाचतील. वडिलांचा डबा अजून मांडणीवर असेल, तर तो खाली काढा आणि आईला समोर बसवून विचारा. वही जवळ ठेवा.